आडनाव एक, स्वभाव वेगळे

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचा ताप अँटिबायोटिक बदलूनही उतरत नाही आणि रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट येतो : ‘कॅन्डिडा’. नातेवाईक विचारतात, ‘‘तोंडात पांढरे चट्टे आणते तीच बुरशी ना?’’ तीच असेल किंवा तिची भावंडं. कॅन्डिडा हे आडनाव झालं. पाटील आलेत म्हटल्यावर कोणते पाटील, हे विचारावंच लागतं.

कारण औषध त्यावर ठरतं. अल्बिकन्सवर फ्लुकोनाझोल बहुधा चालतं. क्रुसाय मात्र त्याला मुळातच दाद देत नाही, आणि ग्लॅब्राटाचा भरवसा नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली या बहुतेक सगळ्या सारख्याच गोल-लांबट दिसतात. मग जुनी, स्वस्त युक्ती करतात. ही यीस्ट मानवी सीरममध्ये मिसळून ३७ अंशांवर दोन-तीन तास ठेवायची. अल्बिकन्सला मोडासारखी नळी फुटते. इतरांना सहसा नाही. रंगीत माध्यमावर अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळी, क्रुसाय गुलाबी उगवते. आपल्याकडे रक्तात ट्रॉपिकॅलिस बऱ्याचदा सापडते, त्यामुळे ही निळाई आमच्या चांगल्याच ओळखीची.

खरी फसवणूक केली ती ऑरिसनं. २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातल्या नमुन्यावरून तिची नवी प्रजाती म्हणून प्रथम नोंद झाली, म्हणून हे नाव. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान. जुनी स्वयंचलित यंत्रं तिला अनेकदा ‘हीम्युलोनाय’ म्हणून मोकळी होत. प्रथिनांच्या ठशावरून ओळखणारं माल्डी-टॉफ यंत्र, त्यात ऑरिसची नोंद असेल तर, काही मिनिटांत नाव सांगतं. पण ते यंत्र सगळीकडे नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडेही ‘हीम्युलोनाय’चा रिपोर्ट आला. मी तो वाचून बाजूला ठेवला. पाच दिवस फ्लुकोनाझोल देऊनही ताप हटेना, तेव्हा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. ती ऑरिस निघाली. औषध बदललं, इकायनोकॅन्डिन गटातलं महागडं इंजेक्शन सुरू केलं. पण ऑरिस कातडीवर, खाटेच्या कठड्यावर, रक्तदाबाच्या पट्ट्यावर दिवसेंदिवस तग धरते आणि नेहमीच्या काही जंतुनाशकांना पुरून उरते. क्लोरीनच्या द्रावणानं सगळं पुसून घेतलं, शेजारच्या रुग्णांच्या काखेतले आणि जांघेतले नमुने तपासायला दिले.

त्यांतल्या एकाच्या कातडीवर ऑरिस सापडली. त्याला ताप नव्हता, कसलाच त्रास नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला जनरल वॉर्डात हलवायचं ठरलं होतं.