अडीच सेकंदांचं काम

सकाळी ६:३०

आज बुधवार. युरोपातल्या सर्व्हरवर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा आठवडा आज नव्यानं सुरू होतो. गेल्या आठवड्यात पाडलेले बॉस पुन्हा उभे राहतात आणि गिल्डला, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटाला, पुन्हा रेडला, म्हणजे सामूहिक मोहिमेला जाता येतं. आम्ही खेळतो तो क्लासिक. २००४मध्ये आलेला मूळ गेम २०१९मध्ये याच नावानं पुन्हा सुरू झाला. रात्री अकराला मोल्टन कोअर या रेडमध्ये उतरायचंय : चाळीस जण, दहा बॉस, त्यांतला शेवटचा रॅग्नारोस. गिल्डमधल्या मेजेसची, म्हणजे जादूगारांची जबाबदारी माझ्याकडे आहे.

चहा घेताना फोन बघितला. गिल्डमधल्या नागपूरच्या मुलाचा निरोप होता : ‘ताई, गिअर चांगलं आहे, पोशन पितो, बफ घेतो, तरी माझा डॅमेज काहून वाढत नाही?’

या प्रश्नाचं उत्तर लॉगमध्ये सापडतं. रेडमधला प्रत्येक मंत्र कुणी, कधी, कुणावर टाकला याची तिथं नोंद असते. मी गोलेमॅगची लढाई उघडली. हा दगडी राक्षस एका जागी उभा राहतो, त्याचे दोन कुत्रे इतर टँक, म्हणजे मार झेलणारे खेळाडू, बाजूला नेऊन धरतात, आणि लांब उभ्या जादूगाराला फारसं हलावं लागत नाही. जादूगाराचा हात जोखायला याच्यासारखा बॉस नाही.

लढाई १५० सेकंदांची. फ्रॉस्टबोल्ट हा बर्फाचा मंत्र टाकायला मुळात ३ सेकंद लागतात, टॅलेंट घेतल्यावर अडीच. म्हणजे ६० बोल्ट बसतात. मुलाचे होते ४८.

सकाळी ७:१५

बारा बोल्ट कुठं गेले, ते ओळीनं पाहिलं. दोन बोल्टांच्या मधे जवळजवळ प्रत्येक वेळी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त वेळ रिकामा दिसतो. मंत्र किती पुरा झाला ते दाखवणारी कास्ट बारची पट्टी पूर्ण भरलेली दिसली की मगच तो पुढचं बटण दाबतो. डोळ्यानं पाहून बोटानं दाबायला वेळ जातो, त्यात इथून युरोपापर्यंत जाऊन यायचे दीडशेच्या आसपास मिलिसेकंद. ४८ बोल्टांचा हिशोब केला तर सुमारे १७ सेकंद, म्हणजे जवळपास सात बोल्ट, निव्वळ वाट पाहण्यात जातात. उरलेले पाच गेले उशिरा केलेल्या सुरुवातीत आणि गरज नसताना टाकलेल्या पावलांत. हलता हलता फ्रॉस्टबोल्ट टाकता येत नाही. पाऊल उचललं की अर्धवट कास्ट वाया.

वाट पाहण्यात जाणारा वेळ मात्र जवळपास सगळा वाचवता येतो. क्लासिकमध्ये मंत्र रांगेत लावायची सोय आहे. चालू कास्टचे शेवटचे ४०० मिलिसेकंद उरले असताना पुढचं बटण दाबलं, तर सर्व्हर तो मंत्र लक्षात ठेवतो आणि आधीचा संपताच सुरू करतो. पुण्या-नागपुरात बसून युरोपातल्यांच्या बरोबरीनं बोल्ट टाकता येतात ते या चारशे मिलिसेकंदांच्या जोरावर. मी त्याला कळवलं, ‘संध्याकाळी साडेसातला ये. नवीन काही विकत घेऊ नकोस.’

सकाळी १० ते दुपारी १:३०

ऑफिस. जीएसटीची रिटर्न, दोन क्लायंट, एक मीटिंग.

दुपारी १:३०

डबा खाताना त्याचं गिअर पाहिलं. झगा देखणा आहे, स्पेल डॅमेजही भरपूर. पण हिट, म्हणजे मंत्र लागण्याची शक्यता वाढवणारा आकडा, फक्त ४ टक्के.

आपण साठाव्या लेव्हलचे, बॉस त्रेसष्टचा धरला जातो. त्याच्यावर मुळात १००पैकी ८३च मंत्र लागतात. एलिमेंटल प्रिसिजन या टॅलेंटमुळे बर्फ आणि आगीला ६ टक्के मिळतात. कमाल मर्यादा ९९. शेवटचा १ टक्का कुणालाच भरून काढता येत नाही. म्हणजे कपड्यांतून १० टक्के आणायचे. त्याच्याकडे सहा कमी आहेत. त्याच्या टप्प्यावर १ टक्का हिट साधारण १२ स्पेल डॅमेजच्या तोडीचा आहे, त्यामुळे देखणा झगा उतरवून ब्लडवाइनचं शिवलेलं जाकीट, पाटलोण आणि बूट घातले तर मिळणारे ४ टक्के त्याला फार पुढे नेतील. वर एखादी हिटची अंगठी. चुकलेल्या बोल्टामागेही पूर्ण अडीच सेकंद आणि पूर्ण मॅना, म्हणजे मंत्रांचं इंधन, गेलेला असतो, म्हणून मी हिटला आधी मोजते.

संध्याकाळी ७:३०

घरी पोचले तेव्हा पाऊस धरला होता. राउटरचा यूपीएस चार्ज आहे का ते पाहिलं. आमच्या भागात जोराचा पाऊस आला की लाइट जाते आणि रेडच्या मधे जादूगार गायब झालेला चालत नाही.

मुलगा वेळेवर आला. गिल्डच्या एका टँकनं एक दणकट राक्षस धरून ठेवला आणि मुलानं स्क्रीन दाखवत बोल्ट टाकायला सुरुवात केली. कास्ट बारवर शेवटच्या भागाला वेगळा रंग देणारं ॲडऑन त्याला लावायला सांगितलं. रंग आला की बटण, पट्टी संपायची वाट नाही.

‘पण ताई, लवकर दाबलं आणि कास्ट तुटला तर?’

‘अरे, तुटत नाही. लवकर दाबलंस तर सर्व्हर फार तर नाही म्हणेल. पुन्हा दाब. थांबलास तरच नुकसान.’

सुरुवातीला त्याची बोटं अडखळली. मग लय सापडली. कीबोर्डचा आवाजच सांगत होता : आधी तुटक, मग सलग. ही लय एकदा बोटांत बसली की डोळे मोकळे होतात, आणि रेडमध्ये मोकळे डोळे फार लागतात.

रात्री ९

आईनं दिलेलं पिठलं-भाकरी खाऊन सामानाची तयारी. फ्रॉस्टबोल्टला प्रत्येक स्पेल डॅमेज पॉइंटचा सुमारे ०.८१४ वाटा मिळतो, त्यामुळे प्रत्येक बाटलीची किंमत बोल्टमागे काढता येते. ग्रेटर आर्केन एलिक्सिर ३५ पॉइंट देतं, ब्रिलियंट विझार्ड ऑइल ३६ (वर १ टक्का क्रिट, म्हणजे जास्त जोरानं लागायची शक्यता), एलिक्सिर ऑफ फ्रॉस्ट पॉवर १५. बेरीज ८६, म्हणजे दर बोल्टला ७० जास्त. फ्लास्क ऑफ सुप्रीम पॉवर एकटा १५० देतो, म्हणजे दर बोल्टला १२२. तो दोन तास टिकतो आणि मेलं तरी उतरत नाही, पण त्याला लागणारं ब्लॅक लोटस दुर्मीळ आणि महाग. मोल्टन कोअरसाठी आधीच्या तीन गोष्टी पुरतात. फ्लास्क पुढच्या, अवघड रेडसाठी राखून ठेवावा.

मॅनाचा हिशोबही आत्ताच करावा लागतो. वरच्या रँकचा फ्रॉस्टबोल्ट २९० मॅना घेतो, फ्रॉस्ट चॅनेलिंगमुळे त्यातला १५ टक्के वाचतो. तरी ६० बोल्टांना जवळपास १४,८०० लागतात, आणि अंगात त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. बाकीचा मॅना रूबी, पोशन आणि इव्होकेशनमधून येतो. मेजर मॅना पोशन २,२५०पर्यंत देतं आणि पुन्हा प्यायला दोन मिनिटं थांबावं लागतं. म्हणून २,२५० खर्च झाले की लगेच प्यायचं. मॅना संपेपर्यंत बाटली जपून ठेवली तर दुसरी पिण्याआधीच लढाई संपते.

रात्री १०:३०

जादूगार म्हणजे रेडची पाणपोई. सगळ्या हीलरांना आणि वॉरलॉकांना मंत्रानं केलेलं पाणी वाटलं, प्रत्येक गटाला आर्केन ब्रिलियन्स दिलं. बुद्धीचे ३१ पॉइंट सर्वांना.

रात्री ११

‘गुड ईव्हनिंग’च्या गजरात चाळीस जण जमले. पोलंड, नेदरलँड्स, स्पेन. तिथं अजून साडेसातच वाजलेत. सगळे जादूगार आज बर्फाचे, कारण मोल्टन कोअरमधल्या कित्येकांना आग लागूच पडत नाही. मी विंटर्स चिल घेतलंय. माझ्या बोल्टांनी बॉसवर त्याचे पाच थर चढले की सर्वांच्या बर्फाला १० टक्के जास्त क्रिट मिळतात. हे टॅलेंट घेतलं की आर्केन पॉवर सोडावी लागते आणि डॅमेजच्या यादीत माझं नाव खाली राहतं. बाकीच्या जादूगारांची नावं त्यामुळे वर जातात, म्हणून मी ते आनंदानं घेते.

पहिला बॉस लुसिफ्रॉन. त्याचा शाप लागला की मंत्रांना दुप्पट मॅना लागतो. तो शाप जादूगारांनी किंवा ड्रुइडांनी काढायचा. एक शाप काढायला दीड सेकंद. हीलरचा शाप राहिला तर टँक पडतो, म्हणून इथं आधी शाप, मग बोल्ट.

रात्री ११:५०

बॅरन गेडन. ज्याच्यावर जिवंत बॉम्ब पडतो त्यानं ८ सेकंदांत सर्वांपासून लांब पळायचं. मुलावरच पडला. बोटं लयीत होती, डोळे मोकळे होते. चालू बोल्ट सोडून तो सरळ मोकळ्या जागेत गेला. त्याचा एक बोल्ट गेला, शेजारचे सगळे वाचले.

रात्री १२:२०

गोलेमॅग. मुलाला एकच आठवण दिली : आर्केन पॉवर १५ सेकंदांची, त्यात ३० टक्के जास्त डॅमेज. तेवढ्यात अडीच सेकंदांचे बरोबर सहा बोल्ट बसतात. मधे पाव सेकंद जरी सांडला तरी पाचच. टॅलिझमन ऑफ इफेमरल पॉवरही १५ सेकंदांचा. दोन्ही एकत्र लावायचे, पण टँकचा जम बसल्यावर. लांबून मारणाऱ्याचा थ्रेट, म्हणजे बॉसचा रोख ओढणारा आकडा, टँकच्या १३० टक्क्यांवर गेला की बॉस वळतो. बर्फाच्या टॅलेंटनं थ्रेट कमी होतो, तरी पहिल्याच क्षणी सगळं ओतायचं नसतं.

तो जागेवर उभा राहिला आणि शेवटपर्यंत हलला नाही.

रात्री १२:५०

मेजरडोमो एक्झेक्युटस. त्याच्या आठ साथीदारांवर कधीकधी दहा सेकंद जादू उलटवणारं कवच चढतं. तेव्हा बोल्ट टाकला तर तो आपल्यालाच लागू शकतो. इथं हात आवरायचा. सबंध दिवस सलग कास्ट करायला शिकवल्यानंतर हेही शिकवायला हवं, कारण मेलेला जादूगार सेकंदाला शून्य डॅमेज देतो.

रात्री १:१५

रॅग्नारोस. अंगात सुमारे ११ लाखांची ताकद, आणि तीन मिनिटांनी तो लाव्ह्यात बुडी मारतो. मग त्याची आठ पोरं वर येतात आणि जवळच्यांचा मॅना जाळतात. त्याआधी पाडायचा तर चाळीस जणांनी मिळून सेकंदाला सहा हजारांहून जास्त डॅमेज द्यायला हवा. एकट्याच्या पराक्रमानं हा आकडा गाठता येत नाही. प्रत्येकानं आपला अडीच सेकंदांचा वाटा न चुकता टाकावा लागतो. आज तो बुडी मारण्याआधीच पडला.

रात्री १:४५

लॉग आला. गोलेमॅगची लढाई पुन्हा १५० सेकंदांच्या आसपास, आणि मुलाचे बोल्ट ५६. गिअर जवळपास तेच. बदलली ती बोटांची लय आणि पायांची सवय.

त्यानं विचारलं, ‘ताई, आता पुढं काय करू?’

मी लिहिलं : ‘आधी हिट पूर्ण कर. मग स्पेल डॅमेज, मग क्रिट. दर बुधवारी सकाळी स्वतःचा लॉग स्वतः उघड आणि दोन बोल्टांमधली रिकामी जागा शोध. यादीतला नंबर नंतर बघ. तो इतरांच्या गिअरवर आणि नशिबावरही हलतो, रिकामी जागा मात्र पूर्ण तुझ्या हातात आहे. आणि पुढच्या महिन्यात दोन नवे जादूगार येतायत. त्यांचे लॉग तू वाचायचे आहेस.’