गॅलरीतला राजगड : फ्लॅटमध्ये दिवाळीचा किल्ला कसा करायचा?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी "किल्ल्याचं सगळं लिहून द्या ना" म्हटलं, म्हणून हा भाग इथे लिहून देतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले "म्हणजे कसंय ना" काढून टाकलेत.

आधी थोडी घरची गोष्ट. डोंबिवलीत आमची जुनी बिल्डिंग होती, चार मजली. खाली जरा मोकळी जागा, तिथे दर दिवाळीत सगळ्या मजल्यांवरच्या पोरांचा एकच किल्ला. माती कुणाची, विटा कुणाच्या, मावळे कुणाचे, हिशोबच नसायचा. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सगळे भाड्याने इकडेतिकडे पांगले, कुणी ठाण्याला, कुणी कल्याणला. आम्ही सहाव्या मजल्यावर आलो. पहिल्याच दिवाळीला माझा सात वर्षांचा भाचा आला आणि म्हणाला, "मामा, किल्ला कुठे करायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग गॅलरी मोजली. चार फूट बाय अडीच फूट. म्हटलं, होतंय का बघू.

कुठला किल्ला?

नुसता ढीग रचून वर महाराज बसवले तरी किल्ला होतो. पण खरा एखादा किल्ला निवडला की पोरं प्रश्न विचारतात आणि मजा वाढते. आपल्या जवळचा म्हणजे कल्याणचा दुर्गाडी, उल्हास खाडीच्या काठावरचा. 1657 साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात या खाडीशी जोडलेली आहे. गॅलरीत मात्र मी राजगड निवडला. रायगडाच्या आधीची ही राजधानी. 2025 च्या जुलैत युनेस्कोने जे 12 मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातही राजगड आहे.

शिवाय रचना सोपी. मधोमध उंच बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंना तीन माच्या : पद्मावती, सुवेळा, संजीवनी. पंख्याची तीन पाती डोळ्यांपुढे आणा, झालं.

वजनाचं गणित आधी

ही पायरी गाळू नका. चार बाय अडीच फुटांचा, दोन फूट उंच डोंगर भरीव मातीचा केला, तर ओल्या मातीचं वजन साधारण 300 किलोच्या वर जातं. गॅलरी बऱ्याचदा भिंतीतून बाहेर काढलेली असते, तिच्यावर एवढा भार नको. म्हणून डोंगर आतून पोकळ ठेवायचा. पुठ्ठ्याचे खोके उतरंडीसारखे रचा, बालेकिल्ल्याच्या जागी सगळ्यात उंच. त्यावर गोणपाट पसरा. गोणपाटावर फक्त एक इंच मातीचा थर. मग सगळं मिळून 70-80 किलोंत भागतं. किल्ला कठड्याला नाही, घराच्या भिंतीला टेकवून करायचा.

माती? बिल्डिंगखाली आता सगळीकडे पेव्हर ब्लॉक. नर्सरीत लाल मातीची पोती मिळतात, तीच आणा. थर्माकोल नको. 2018 पासून आपल्या राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि पणतीशेजारी तो पेटतोही पटकन.

सगळ्यात खाली ताडपत्री, आणि तिच्या कडा इंचभर वर दुमडलेल्या. हे मी पहिल्या वर्षी केलं नव्हतं. लाल पाणी थेट खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर. काकू वर आल्या त्या चादर हातात घेऊनच. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

माती, तटबंदी आणि लपलेला दरवाजा

माती चाळून, पाणी घालून तिचा घट्ट काला करा. गोणपाट आधी पातळ काल्यात बुडवून मग पसरलं, तर वरची माती धरून राहते. कोरड्या गोणपाटावर थापलेली माती दुसऱ्या दिवशी सोलून निघते. माती ओली असतानाच काडीने चिऱ्यांच्या रेघा ओढा. सुवेळा माचीच्या कातळात आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. ते करायला बोट खुपसलं की झालं. हे काम आमच्याकडे भाच्यासाठी राखीव. संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी आहे, म्हणून तिथे पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या, मध्ये बोटभर जागा सोडून.

आता दरवाजा. शिवकाळातल्या किल्ल्यांत बऱ्याच ठिकाणी दरवाजा समोरून दिसतच नाही. पुढे दोन बुरूज एकमेकांना झाकतील असे उभे, आणि वाट त्यांच्यामधून वळून आत जाते. कारण साधं. शत्रूला नेम धरता येत नाही, हत्तीला धाव घ्यायला सरळ जागा मिळत नाही, आणि वळणावर अडकलेल्यांवर वरून मारा करता येतो. तुमचा दरवाजा बरोबर जमला का, हे तपासायला मोबाईल जमिनीवर ठेवा आणि टॉर्च लावा. उजेड सरळ दरवाजावर पडला, तर बुरूज सरकवा.

हिरवळ आणि कारंजं

हिरवळीसाठी अळीव. भिजल्यावर अळिवाला चिकट आवरण येतं, त्यामुळे ते उभ्या उतारावरही चिकटून राहतं, घरंगळत नाही. मोहरीही चालते, पण ती उतारावरून सुटते, म्हणून तिला माच्यांवर सपाटीला टाका. दोन-तीन दिवसांत मोड येतात. पहिल्या आंघोळीच्या दिवशी हिरवा किल्ला हवा असेल, तर आठवडाभर आधी पेरा. पाणी फक्त फवाऱ्याने. तांब्याने ओतलं की अख्खा उतार खाली येतो.

कारंज्याला मोटर लागत नाही. मेडिकलमधून सलाइनची नवी नळी आणा. वापरलेली अजिबात नको. बाटली खिडकीच्या गजाला उंच टांगा, नळी मातीखालून पद्मावती तलावापर्यंत न्या आणि टोक वर वळवा. बाटलीतल्या पाण्याची पातळी जेवढी उंच, तेवढा जोर. पाणी त्या पातळीपेक्षा वर कधीच उडणार नाही, उलट नळीत घासून थोडं कमीच उडेल. नळीवरच्या चाकाने धार कमी-जास्त करता येते.

पणत्या नेहमी ताटलीत, गोणपाटापासून वीतभर लांब.

दिवाळीनंतर

किल्ला फोडून गटारात ढकलू नका. माती सुकली की चाळा आणि कुंड्यांत घाला. गोणपाट धुऊन वाळवा. मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात, पुढच्या वर्षीसाठी.

आणि त्या काकू? मी माफी मागितली, चादर धुऊन देतो म्हटलं. त्यांनी गॅलरीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "महाराज कुठे बसवणार?" दुसऱ्या दिवशी त्यांची नात वर आली, हातात दोन मावळे घेऊन. मग तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा. वसुबारसेला गॅलरीत पाच पोरं होती आणि मला उभं राहायला जागा नव्हती. जुन्या बिल्डिंगमधल्या मित्रांना व्हिडिओ कॉल लावला, तर ठाण्याहून एक जण ओरडला, "अरे, नेढं उलट्या बाजूला केलंय!" बरोबर होतं त्याचं. पहिल्या आंघोळीला, फडके रोडला निघायच्या आधी, आम्ही सगळ्यांनी मिळून सुवेळा माची मोडली आणि परत केली.

यंदा तुमच्या गॅलरीत कुठला किल्ला, ते आवाजी मेसेजमध्ये सांगा. पुढच्या भागात ऐकवू. भेटूच!