दुकानात माणसं सांभाळायची मजा मला उशिरा कळली



मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं. "सर, धंदा तर सुरू केला, पण दिवसभर कामाच्या पोरांच्या मागे धावण्यातच जातो. याच्यात समाधान कुठे आहे?"

खरं सांगू? पहिली तीन वर्षं मलाही ते सापडलं नव्हतं. दारव्ह्यात माझं पंप, पाइप आणि फिटिंगचं दुकान आहे. बीबीए केलेलं, प्लॅनिंग, ऑर्गनायझिंग, स्टाफिंग सगळं तोंडपाठ. पण मला आवडायची फक्त विक्री. गिऱ्हाईक पटवायचं, रात्री गल्ला मोजायचा. माणसं सांभाळणं म्हणजे फुकटची डोकेदुखी, अशी माझी पक्की समजूत.

मग एका नोव्हेंबरात, हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसात, एक काका तीसेक किलोमीटरवरून एसटीनं आले. पाइपाचा जोड पाहिजे होता, "अडीच इंची दे" म्हणाले. मी बँकेत गेलो होतो. आमच्या पोरानं मोबाईलवर हिशोब केला, ६३ एमएम भागिले २५.४, उत्तर जवळपास अडीच. त्यानं ६३ चा जोड दिला. गणित बरोबर, माल चुकला! कारण आपल्या बाजारात ६३ ला दोन इंची म्हणतात, ७५ ला अडीच आणि ९० ला तीन. हे मला पाठ होतं. पोराला कोणी सांगितलंच नव्हतं.

काकांच्या फीडरला त्या आठवड्यात दिवसाची लाईट होती. त्यातला एक अख्खा दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवशी ते परत आले, ओरडले नाहीत. जोड काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "बापू, कालचं पानी गेलं माह्यं." ओरडले असते तर बरं झालं असतं.

ओरडलो मी. चार गिऱ्हाइकांसमोर, त्या पोरावर. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हंगाम भरात, फोन बंद. शेवटी गाडी काढून त्याच्या गावी गेलो. तो ओट्यावर बसला होता. म्हणाला, "भाऊ, मले कोनं सांगतलं होतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक माझी आहे, असं त्याच्या आईसमोर म्हणालो. म्हणायला जड गेलं, पण मग त्यालाच विचारलं, हे परत होऊ नये म्हणून काय करायचं?

त्यानं केलं ते असं. भंगारातले पाइपाचे तुकडे कापले, एका फळीवर ठोकले. प्रत्येकाखाली एमएम आणि बाजारातली इंची, दोन्ही ऑइलपेंटनं लिहिलं. फळी काउंटरवर. आता गिऱ्हाईक हात लावून दाखवतं, "हा." नव्या पोराला पहिल्या दिवसापासून जमतं. खर्च दीडशे रुपयेही नाही. मित्रांनो, प्रोसेस, प्रोसेस म्हणतात ना, ती हीच. माझ्या डोक्यातलं ज्ञान त्या फळीवर आलं.

मग मी एक वही केली. गाव, मोबाईल, पाइपाचा साइज, मोटारीचा एचपी, फेज. तोच शेतकरी पुढच्या वर्षी आला की वही उघडायची. आणि ३०० रुपयांपर्यंतची अदलाबदल मला न विचारता करायची मुभा दिली. पहिले दोन महिने छातीत धडधडायचं. नुकसान झालं का? थोडं झालं. पण दर दहा मिनिटांनी "भाऊ, देऊ का?" ऐकण्यापेक्षा ते स्वस्त पडलं.

पंपाच्या खोक्यावर किर्लोस्कर नाव तुम्ही वाचलंच असेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोडच्या माळरानावर कारखाना नेला, तीच किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगरानं जमीन नासते, या समजुतीशी त्यांना किती झगडावं लागलं, हे सगळे सांगतात. मला त्यातले रामूअण्णा जास्त आवडतात, लक्ष्मणरावांचे भाऊ. लक्ष्मणराव यंत्रात डोकं घालायचे, तर वसाहत कशी बसवायची, कारभार कसा चालवायचा, हे रामूअण्णांनी पाहिलं. फळणीकर नावाचा शाळा सोडलेला मुलगा तिथे इंजिनिअर झाला. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना पहारेकरी केलं. आपल्या गल्ल्याजवळ आपण कोणाला बसू देतो, जरा विचार करा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. विक्रीचा आनंद रात्री गल्ला मोजला की संपतो. हा दुसरा आनंद हळूहळू कळतो. मागच्या उन्हाळ्यात नागपूरला लग्नात होतो, दोन दिवस दुकानातून फोन आला नाही. शेवटी मीच केला. "सगळं बराबर हाये भाऊ, तुमी जेवा," म्हणाला. खरंच जेवलो. धंदा सुरू केल्यापासून लग्नात शांतपणे जेवलो ती पहिलीच वेळ.

पण याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अर्धी गोष्ट होईल. दिवाळीनंतर तोच पोरगा म्हणाला, "भाऊ, मले आपल्या गावात दुकान टाकाचं हाये." त्या रात्री मला झोप नाही आली. शिकवा आणि सोडून द्या, हा कुठला धंदा? बायको म्हणाली, तुम्ही व्हिडिओत काय सांगता लोकांना?

दुसऱ्या दिवशी त्याला होलसेलवाल्याचा नंबर दिला, उधारीसाठी माझं नाव सांग म्हणालो. आता दुकानात वहीत कसं लिहायचं, हे तो नव्या पोराला शिकवतोय. परवा बघितलं तर मागे बसून भंगारातून पाइपाचे तुकडे निवडत होता. "भाऊ, ७५ चा एकच हाये. घेऊ का?"

घे म्हणालो.