बिऱ्हाड दगडांचं

आमच्या तळघरातल्या टाकीत भांडण लागलं होतं आणि भांडत होती प्रवाळं. हॅमर नावाचं कोरल, तंतूंची टोकं हातोडीसारखी म्हणून हॅमर, नऊ वर्षांपूर्वी आणलं तेव्हा सुपारीएवढं होतं. बघता बघता ते फ्लॉवरच्या गड्ड्याएवढं झालं. रात्री ते वीतभर लांब तंतू बाहेर सोडतं आणि टप्प्यात येईल त्याला डंख मारतं. सकाळी पाहावं तर शेजाऱ्याचं मांस गळालेलं आणि खाली पांढरा सांगाडा उघडा. १५० लिटरच्या टाकीत शेजार बदलायला जागा कुठली? शेवटी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी नवी टाकी घेतली. ४५० लिटर.

मी मूळची मालवणची, राहते न्यू जर्सीत. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "इतके मासे पाळतंस, नि खातंस खंयचे गो?"

मालवणात मला हा छंद करताच आला नसता. किल्ल्याजवळच्या पाण्यात प्रवाळ आहे, पण खडक बांधणारी सगळी दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसलेली आहेत. समुद्रातून तुकडा उचलला तरी गुन्हा. इथे माझ्याकडे आहे ते टाकीतच वाढलेल्या प्रवाळाची फांदी तोडून लावलेलं, जास्वंद लावतो तसं. त्या तुकड्याला फ्रॅग म्हणतात. क्लाउन माशांची जोडीही टाकीतच जन्मलेली.

टाकी बदलायची ही माझी दुसरी खेप. पहिल्या खेपेला एका दुकानदाराने सांगितलं होतं की जुनं पाणी नि जुनी वाळू जपून न्या, चांगले जिवाणू त्यातच असतात. मी आज्ञाधारकपणे सगळी वाळू उपसून नव्या टाकीत ओतली. सडक्या अंड्यांचा वास सुटला. दुसऱ्या दिवशी दोन मासे आणि एक कोळंबी तळाशी पडलेली होती.

काय चुकलं ते कळायला मला बरंच वाचावं लागलं. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, म्हणून मासे जगतात. पण हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते चिकटून राहतात; सच्छिद्र दगडात सगळ्यांत जास्त. वाळूतही असतात, पण वर्षानुवर्षं न हललेल्या वाळूच्या पोटात घाण साठते आणि प्राणवायू नसतो तिथे हायड्रोजन सल्फाइड धरतं. ती ढवळली की सगळं एकदम पाण्यात. त्यातून खाऱ्या टाकीचा पीएच ८.२ च्या आसपास, आणि पीएच जितका वर तितका अमोनियाचा विषारी भाग मोठा. म्हणजे हलवायचं असतं ते दगडांचं बिऱ्हाड. मासे त्यांच्या मागून येतात.

या वेळी वाळू नवी घेतली. जुनीतली वरवरची एक वाटी तेवढी टाकली, विरजणासारखी.

पाण्याची तयारी दोन दिवस आधी. नळाचं पाणी गाळणीतून शुद्ध करून त्यात मीठ कालवायचं आणि पंप, हीटर लावून फिरत ठेवायचं. समुद्रात दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माझी जुनी टाकी ३३ वर आली होती, म्हणून नवं पाणीही ३३ वरच ठेवलं आणि पुढच्या पंधरा दिवसांत ३५ वर नेलं. मासे असा फरक एक वेळ सोसतात. गोगलगायी आणि तारामासे सोसत नाहीत.

शनिवारी सकाळी सुरुवात केली. आधी प्रवाळं त्यांच्याच पाण्याच्या बादल्यांत, मग दगड, आणि माशांना हात सगळ्यांत शेवटी. दगड आत असताना जाळी घेऊन मासा पकडायला जाणं म्हणजे आपलीच फजिती. झोअँथिड नावाची बटणांसारखी रंगीत प्रवाळं होती तिथे मात्र मी हातमोजे आणि चष्मा घालूनच काम केलं. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असतं. हवाईतल्या संशोधकांनी ते १९७१ मध्ये वेगळं केलं. असा दगड खरवडू नये आणि साफ करायला उकळत्या पाण्यात तर मुळीच टाकू नये. वाफेतूनसुद्धा माणसं आजारी पडलेली आहेत.

क्लाउन मासे ज्यात राहतात तो अ‍ॅनिमोन ओढून काढायचा नसतो, तळवा फाटला तर तो सहसा वाचत नाही. दगडासकट उचलला. त्याची मालकीण, क्लाउनची मादी, माझ्या मनगटाला चावली. शंखातल्या खेकड्यांचं मात्र विंचवासारखं, बिऱ्हाड पाठीवर; त्यांना नुसतं उचलून ठेवलं. शेवटी मोजणी केली तर रॉयल ग्रामा हा जांभळा-पिवळा मासा गायब. नवऱ्याने फरशी, पंप, पाइप सगळं धुंडाळलं. तो बादलीतल्या एका दगडाच्या भोकात शांत बसला होता, आमचा गोंधळ ऐकत.

नवे दिवे जोरकस, म्हणून ते ३५ टक्क्यांवर सुरू केले आणि दर आठवड्याला थोडे वाढवले. प्रवाळाच्या अंगात शेवाळ राहतं, तेच त्याला उन्हातून अन्न करून देतं. एकदम प्रखर उजेड पडला तर ते शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. पहिला आठवडा खाणं निम्मं, अमोनियाची तपासणी रोज. तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर आला. नव्या टाकीत तो येतोच, मी नुसता पुसत राहिले.

हॅमर आता एका कोपऱ्यात आहे, सगळीकडून हातभर जागा सोडून. या वेळी कोणी दगावलं नाही. तुम्हाला टाकी बदलायची असेल तर माशांआधी घरातल्या बादल्या मोजा. मला अकरा लागल्या.