वीतभर नळीची गोष्ट

‘‘अगं, घरात पेट्रोलचा वास येतोय का गं?’’ आई तीन दिवस विचारत होती आणि मी ‘‘रस्त्यावरून येत असेल’’ म्हणून उडवून लावत होते. चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला ती देवापाशी काडेपेटी घेऊन उठली आणि तशीच थांबली. ‘‘आधी ती गाडी बघ, मग मी दिवा लावते.’’

ती गाडी म्हणजे अप्पांची १९९८ सालची स्प्लेंडर. अप्पा गेल्यापासून मीच चालवते. सोलापुरातलं आमचं घर जुन्या पद्धतीचं. गाडी रात्री बोळात उभी असते आणि तिथून चार पावलांवर देवघर. बॅटरी घेऊन वाकून बघितलं, तर टाकीखालच्या कॉकपासून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी टोकाशी चिरलेली, आणि थेंब थेंब पेट्रोल खाली इंजिनवर. मे महिन्यातलं आमचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. त्यातून नुकतीच फिरून आलेली गाडी. पोटात गोळाच आला! कॉक बंद केला, गाडी ढकलत बाहेर काढली, दारं-खिडक्या सताड उघडल्या. त्या दिवशी दिवा लागला तो रात्री साडेनऊला.

गंमत म्हणजे ही नळी वर्षापूर्वीच बदललेली होती. तेव्हाच्या मेकॅनिकने मीटरवर मिळणारी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घातली. ‘‘आतलं पेट्रोल दिसतं बघा,’’ म्हणाला. दिसायचं खरं! पण एका उन्हाळ्यात ती पिवळी पडली आणि अशी कडक झाली, की वाकवली तर कट्‌कन मोडावी. आपण गॅसच्या शेगडीची नळी पाच वर्षांनी न चुकता बदलतो, तिच्यावरची तारीख बघतो. गाडीच्या नळीकडे मात्र कधी कुणी वाकून बघतं का हो?

यावेळी अशोक चौकाकडच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेले. त्यांनी आधी मला बसवलं, मग समजावलं. ‘‘अक्का, पेट्रोल आता पूर्वीचं राहिलं नाही बगा.’’ खरंच आहे. २००३ मध्ये आपल्याकडे पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, २०२२ मध्ये देशभरात दहा टक्क्यांपर्यंत मजल गेली आणि २०२५ मध्ये वीस टक्के. आपल्याच जिल्ह्यात उसाचे एवढे कारखाने, मळीचा उपयोग होतो याचा आनंदच आहे. पण अप्पांची स्प्लेंडर आली तेव्हा हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. इथेनॉलने काही जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात, नंतर भेगाळतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते वेगळंच.

म्हणून नळी घेताना वरून काळी दिसते एवढ्यावर जायचं नाही. ती पेट्रोलसाठीच बनवलेली हवी आणि तसं तिच्या अंगावर छापलेलं हवं. ‘एसएई जे-३० आर-७’ असं लिहिलेली, आत नायट्राइल रबर असलेली नळी कार्ब्युरेटरच्या गाडीला चालते. ‘आर-९’ महाग, पण तिच्या आतलं फ्लोरो रबराचं अस्तर इथेनॉलला अधिक दाद देत नाही. मी तीच घेतली. वीतभर तर लागते, त्यात काय वाचवायचं? सिलिकॉनची नळी रंगीत, दिसायला छान, पण साधं सिलिकॉन पेट्रोलला अजिबात चालत नाही.

दुसरं म्हणजे माप. ब्लाउज शिवायला देताना आपण मापाचा ब्लाउज नेतो, तसा जुन्या नळीचा तुकडा बरोबर न्यायचा. बघायचं ते आतलं भोक, बाहेरची जाडी नव्हे. नळी सैल असली की क्लिप कितीही आवळा, पाझरतेच. फार घट्ट असली तर तोंडाशी फाटते. क्लिपही त्याच मापाची हवी, तार गुंडाळायची नाही. लांबी पहिल्याएवढीच: आखूड झाली तर ताण बसतो, लांब झाली तर मुरड पडून पेट्रोल अडतं आणि गाडी भर चौकात बंद.

मिस्त्रींनी जुनी नळी ओढली नाही, कापूनच काढली. ओढाओढीत कार्ब्युरेटरची चोच मोडते म्हणे. नव्या नळीचं टोक गरम पाण्यात बुडवून, कोरडं पुसून अलगद बसवलं. मग कॉक चालू करून खाली वर्तमानपत्र पसरलं आणि आम्ही अर्धा तास गप्पा मारत बसलो. कागद कोरडाच राहिला.

घरी आले तर आई बोळात. गाडीजवळ वाकून दोनदा वास घेतला, काही बोलली नाही. काडेपेटी तिच्या हातातच होती.