शेअर बाजार एका वडाखाली सुरू झाला होता, फोर्टमध्ये पायी फिरलं की त्याची पूर्ण स्टोरी कळते

रविवारी सकाळी साडेसात-आठच्या सुमारास मुंबईच्या फोर्ट भागात गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली आणि पुढे बोलणारा एक गाईड. पंधरा-वीस जणांचा घोळका एखाद्या जुन्या इमारतीकडे माना वर करून बघत असतो.

याला हेरिटेज वॉक म्हणतात. त्यातला एक मार्ग मुंबईच्या जुन्या आर्थिक केंद्रातून जातो. सेंट थॉमस कॅथेड्रलपासून दलाल स्ट्रीटपर्यंतचं अंतर एक किलोमीटरही नाही, पण एवढ्या पट्ट्यात पैसा कसा आला, कसा बुडाला आणि बुडाल्यावर काय उरलं, हे सगळं बघायला मिळतं.

सुरुवात चर्चपासून

आजचं फोर्ट म्हणजे एकेकाळी खरोखरचा किल्ला होता. त्याला तटबंदी होती, वेशी होत्या. १७१८ साली सुरू झालेल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणारी वेस ती चर्चगेट. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात तटबंदी पाडली गेली. वेस गेली, पण नाव रेल्वे स्टेशनला चिकटून राहिलं. मुंबईतले जुने मैलाचे दगडही याच चर्चपासून मोजले जायचे.

चर्चमधून बाहेर पडून पूर्वेकडे दोन मिनिटं चाललं की हॉर्निमन सर्कल येतं.

बागेच्या जागी कापसाचे गठ्ठे

आज इथे गोल बाग आणि भोवती एकसारख्या कमानींच्या इमारती आहेत. त्यातल्याच एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये २०१२ साली भारतातलं पहिलं स्टारबक्स सुरू झालं. त्यामुळे इथले फोटो इन्स्टावर भरपूर दिसतात.

पण त्याआधी हे होतं बॉम्बे ग्रीन, म्हणजे मोकळं मैदान. इथे कापसाचे गठ्ठे रचलेले असायचे आणि त्यांचे सौदे व्हायचे. पुढे हा बाजार कुलाब्याला आणि तिथून शिवडीकडे गेला. हार्बर लाईनवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनचं नाव त्यातूनच आलं.

मैदानाच्या जागी हे सर्कल बांधायची योजना पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांची. १८७२ पर्यंत बाग तयार झाली. आधी नाव होतं एल्फिन्स्टन सर्कल. जालियनवाला बागेच्या बातम्या छापल्यामुळे ज्यांना इंग्रजांनी देशाबाहेर काढलं, त्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव स्वातंत्र्यानंतर या जागेला मिळालं.

टाऊन हॉल आणि ते वडाचं झाड

बागेच्या पूर्वेला तीस पायऱ्यांची पांढरी इमारत दिसते. हाच १८३३ साली पूर्ण झालेला टाऊन हॉल, म्हणजे आजची एशियाटिक लायब्ररी. आत नाना शंकरशेट यांचा पुतळा आहे. शेजारीच टांकसाळ.

गाईड इथे सगळ्यात जास्त वेळ थांबतात, कारण १८५० च्या दशकात याच टाऊन हॉलसमोर, वडाच्या झाडाखाली मूठभर दलाल जमायचे आणि शेअर्सची खरेदी-विक्री करायचे. ना ऑफिस, ना नियमावली. सगळा व्यवहार शब्दावर.

मग आलं १८६१. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतल्या राज्यांचा कापूस इंग्लंडला पोचेना. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, त्यांनी मुंबईकडे मोर्चा वळवला. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने जायला लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला.

एवढ्या पैशाचं करायचं काय? तर कंपन्या काढायच्या. १८६५ च्या जानेवारीपर्यंत मुंबईत ३१ बँका झाल्या होत्या. समुद्र बुजवून जमीन करणारी बॅकबे रेक्लमेशन कंपनी सगळ्यांची लाडकी. तिचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. बँक ऑफ बॉम्बेचा ५०० चा शेअर २,८५० वर पोचला.

या सगळ्याच्या मध्यभागी होते प्रेमचंद रायचंद. सुरतेहून आलेले, कापूस आणि शेअर्सचे सगळ्यात मोठे दलाल. बँक ऑफ बॉम्बेत त्यांचा शब्द चालायचा. बँक शेअर्स तारण ठेवून कर्ज द्यायची, त्या कर्जातून लोक आणखी शेअर्स घ्यायचे आणि भाव आणखी चढायचे.

१ जुलै १८६५

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले आणि शेअर्सचेही.

खरी गोची वेगळीच होती. बहुतेक सौदे वायद्याचे होते. आज भाव ठरवायचा, पैसे पुढच्या तारखेला द्यायचे. अनेक वायद्यांची तारीख होती १ जुलै १८६५. तो दिवस आला तेव्हा शेअरला भाव नव्हता आणि घेणाऱ्याच्या खिशात पैसे नव्हते. एकाने हात वर केले की त्याच्या भरवशावर बसलेला दुसराही बुडायचा. शेकडो लोकांचं दिवाळं निघालं.

बॅकबेचा शेअर २,००० च्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर. प्रेमचंद रायचंद यांचीही संपत्ती बुडाली.

बुडाल्यावर काय उरलं?

हे बघायला घोळका टाऊन हॉलकडून मुंबई समाचार मार्गावर वळतो. १८२२ पासून निघणाऱ्या 'मुंबई समाचार'ची लाल इमारत इथेच आहे आणि याच रस्त्यावर स्टेट बँकेची मुंबईची मुख्य शाखा. बुडालेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळली गेली आणि त्याच वर्षी त्याच नावाने नवी बँक उभी राहिली. ती १९२१ मध्ये इम्पिरियल बँकेत विलीन झाली आणि इम्पिरियल बँकेची १९५५ साली स्टेट बँक झाली. तारीख होती १ जुलै.

इथून चार पावलांवर दलाल स्ट्रीट. वडाखालून हटलेले दलाल जागा बदलत बदलत १८७४ च्या सुमारास इथे स्थिरावले. ९ जुलै १८७५ ला त्यांनी आपली संघटना काढली. सभासद ३१८, प्रवेश फी एक रुपया. हाच आजचा बीएसई. शब्दावर चालणाऱ्या धंद्याला आता सभासद यादी होती.

नियम आले म्हणून संकटं थांबली नाहीत. १९९२ मध्ये हर्षद मेहता घोटाळा झाला. १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांतला पहिला बॉम्ब याच इमारतीत फुटला. १९९५ मध्ये व्यवहार कॉम्प्युटरवर गेले आणि रिंगमधला आरडाओरडा कायमचा थांबला. आता लोक बाहेरच्या ब्राँझच्या बैलासोबत सेल्फी काढतात. सुरक्षेमुळे आत सहज जाता येत नाही.

शेवटचा टप्पा थोडा लांब आहे. दहा-पंधरा मिनिटं पश्चिमेकडे चाललं की मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर येतो. तेजीच्या काळात प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी पैसे दिले आणि आईचं नाव द्यायला सांगितलं. १८७८ मध्ये टॉवर पूर्ण झाला, तेव्हा ती तेजी संपून तेरा वर्षं झाली होती. कागदावरचे लाखो रुपये गेले, दान केलेले तेवढे दगडात उभे राहिले.

ही गोष्ट जुनी वाटत असेल तर एक आकडा बघा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स अँड ऑप्शन्समध्ये उतरलेल्या १०० पैकी ९३ सामान्य ट्रेडर्सना तोटा झाला. फ्युचर्स म्हणजे वायदाच, आज भाव ठरवायचा आणि हिशोब पुढच्या तारखेला. तेव्हा टिप वडाखाली मिळायची, आता रीलवर मिळते.

त्यामुळे पुढच्या वेळी एखादा शेअर दहापट होणार असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर पैसे लावण्याआधी एका रविवारी फोर्टमध्ये चक्कर मारून या.