काळ्या तळ्यांचा जमाखर्च

२०२४ सालच्या जुलै महिन्यात जागतिक वारसा समितीची बैठक आपल्या दिल्लीत भरली होती. आसाममधील आहोम राजघराण्याच्या समाध्या त्या वेळी वारसा-यादीत दाखल झाल्या आणि ती बातमी आपण कौतुकाने ऐकली. त्याच बैठकीत स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाची एक दलदलही यादीत गेली. तिकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही. साहजिकच आहे म्हणा. कुठे राजांच्या समाध्या आणि कुठे चिखल! पण त्या चिखलाला ‘फ्लो कंट्री’ असे नाव आहे, आणि श्रोतेहो, आज आपल्याला तिकडेच जावयाचे आहे. नेमके सांगायचे तर त्या दलदलीत जागोजाग जी काळ्या पाण्याची लहान लहान तळी साचलेली आहेत, त्यांच्या काठी जाऊन बसायचे आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करतो. तिथली जमीन ‘पीट’ची आहे. वर्गात हा शब्द उच्चारला की मागच्या बाकावरून ‘गव्हाचं की ज्वारीचं?’ असा प्रश्न हमखास येतो. तर दळणाचा इथे काही संबंध नाही. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. आपल्याकडे झाडाचे पान गळून पडले की एकदोन पावसाळ्यांत त्याची माती होते. कुजणे ही एक प्रकारची मंद जळण्याची क्रियाच आहे, आणि जळायला जशी हवा लागते तशी कुजायलाही लागते. स्कॉटलंडच्या उत्तरेला हवा थंड, पाऊस बारमाही आणि जमीन सदा पाण्याने फुगलेली. त्या पाण्याखाली हवेचा शिरकाव जवळजवळ नाही. शिवाय तिथे स्फॅग्नम नावाचे एक शेवाळ वाढते. ते आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते आणि भोवतालचे पाणी आंबट करून टाकते. एकूण काय, तर मेलेले शेवाळ पुरते कुजतच नाही. त्यावर नवे वाढते, तेही मरते, आणि थर चढत जातो. वर्षाला साधारण एक मिलिमीटर! म्हणजे माणसाच्या कमरेएवढा थर साचायला हजार वर्षे हवीत. फ्लो कंट्रीत हे काम सुमारे नऊ हजार वर्षे चालले आहे. तिकडचे लोक पूर्वापार हे पीट फावड्याने विटांसारखे कापून, आपण गोवऱ्या वाळवतो तसे वाळवून, चुलीत घालीत आले आहेत.

आता या थरातला कर्ब आला कुठून? हवेतून. वनस्पतींनी हवेतला कार्बन डायॉक्साइड घेतला, त्याचे अंग बनवले, आणि ते अंग पाण्याखाली गाडले गेले. पृथ्वीच्या जमिनीपैकी अवघा तीन टक्के भाग पीटचा आहे. पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या लाकूडपाल्यात मिळून नाही इतका कर्ब त्या तीन टक्क्यांत पुरलेला आहे. ही झाली मुद्दल. हवा तापू नये अशी इच्छा असेल तर या मुद्दलीला धक्का लागता कामा नये, हे कोणाही व्यवहारी माणसाला पटेल.

इथेच आपली काळी तळी आडवी येतात.

स्थानिक गेलिक भाषेत त्यांचे नावच मुळी ‘काळी तळी’ अशा अर्थाचे आहे. दलदलीचा पृष्ठभाग सपाट नसतो. उंचवटे असतात, खळगे असतात. खळग्यात पाणी साचले की तिथले शेवाळ बुडून मरते. भोवतालचा काठ वर्षानुवर्षे वाढत राहतो, खळगा मात्र तिथेच राहतो, आणि पुढे त्याचे कायमचे तळे होते. उतार असला तर ही तळी शेतातल्या बांधांसारखी उताराला आडवी, ओळीने लागतात. विमानातून पाहिले तर कोणी मुद्दाम नक्षी काढली आहे असे वाटावे. पाणी हातात घ्यावे तर कोऱ्या चहासारखे तपकिरी. तो रंग पीटमधून विरघळून आलेल्या कर्बयुक्त द्रव्यांचा.

कर्बाच्या दृष्टीने हे तळे म्हणजे खर्चिक बिऱ्हाड. काठावरचे शेवाळ हवेतून कर्ब कमावते. तळ्यात ते नाही, आणि पाणी इतके गढूळ रंगाचे की तळापर्यंत पुरेसा उजेडही पोचत नाही. मिळकत जवळजवळ शून्य. उलट भोवतालच्या पीटमधून विरघळलेला कर्ब सारखा झिरपून येतो. सूक्ष्म जंतू आणि सूर्यप्रकाश त्याचे तुकडे पाडतात आणि त्यातून झालेला कार्बन डायॉक्साइड हवेत निघून जातो.

दुसरा खर्च अधिक महाग आहे. तळ्याच्या बुडाशी जिथे प्राणवायू मुळीच नाही, तिथे निराळ्या जातीचे जंतू मिथेन वायू तयार करतात. हा वायू आपल्या परिचयाचा आहे. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तो हाच. १७७६ साली इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने (विजेच्या घटामुळे ज्याचे नाव पुढे घरोघरी पोचले तोच हा) माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला, वर आलेले बुडबुडे उपड्या बाटलीत धरले आणि तो वायू पेटतो हे दाखवून दिले. आजही बुडबुडे मोजणारे संशोधक पाण्यात उपडे नरसाळेच धरतात. अडीचशे वर्षांत काठी गेली, नरसाळे आले, एवढाच फरक!

मिथेनची चिंता अशासाठी की शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन हवा तापवण्याच्या कामी सुमारे २७ किलो कार्बन डायॉक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. मिथेन काठावरच्या शेवाळाखालीही तयार होतो. पण वर येताना त्याला शेवाळाच्या थरातून जावे लागते, आणि तिथले काही जंतू मिथेनवरच जगतात. वेशीवर जकात द्यावी तसा त्याचा बराच हिस्सा तिथे कापला जातो. उघड्या तळ्यात असा नाका नाही. बुडबुडा सुटला की थेट हवेत.

म्हणजे केवळ शेवाळावर मापे घेऊन ‘ही दलदल वर्षाला इतका कर्ब साठवते’ असे सांगणे, एखाद्या घराचा पगार विचारून बचत ठरवण्यासारखे आहे. खर्चाची वही पाहायलाच हवी. ती पाहूनही निरोगी दलदल एकंदरीत शिल्लकच दाखवते. शिवाय मिथेन हवेत दहाबारा वर्षांच्या आसपास टिकतो, पुरलेला कर्ब मात्र हजारो वर्षे पुरलेला राहतो. पण मनात खरी धास्ती निराळीच होती. तळ्यातून जो कर्ब जातो तो व्याजातला की मुद्दलीतला? कालपरवाच्या शेवाळाचा कर्ब परत हवेत गेला तर हवेचा कर्ब हवेला मिळाला, फारसे बिघडले नाही. परंतु खालचा पाचपाच हजार वर्षांचा साठा उकरून निघत असेल तर तिजोरीलाच भोक पडले म्हणायचे.

या धास्तीला माणसाच्या एका उपद्व्यापाची जोड होती. १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये झाडे लावणाऱ्यास प्राप्तिकरात घसघशीत सूट मिळत असे. दूरच्या शहरांतल्या पैसेवाल्यांनी या दलदलीत चर खणून पाणी काढले आणि परदेशी सूचिपर्णी झाडांच्या रांगा लावल्या. पीट सुकले की त्यात हवा शिरते आणि हजारो वर्षे थांबलेले कुजणे पुन्हा सुरू होते. झाडे लावून कर्ब गमावण्याचा हा उद्योग! १९८८ साली ती करसवलत बंद झाली. त्यानंतर झाडे काढून चर बुजवण्याचे काम हाती घेतले गेले. चरात ठिकठिकाणी बांध घातले की प्रत्येक बांधामागे पाणी तुंबते आणि नवे डबके होते. लगेच शंका निघाली की मिथेन सोडणारी नवी डबकी तयार करून आपण आगीतून फुफाट्यात तर नाही ना पडत?

कर्बाचे वय सांगता येते, म्हणून या प्रश्नाला उत्तर मिळू शकले. हवेतल्या कर्बात किरणोत्सर्गी कर्बाचा अल्पसा अंश असतो. वनस्पती मेली की तो अंश दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. ही कालगणना शोधणाऱ्या विलर्ड लिबी यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युनायटेड किंग्डममधील सहा ठिकाणच्या डबक्यांतून ९७ नमुने घेऊन हेच वय तपासले. नैसर्गिक तळी त्यात होती, बांधामागची नवी डबकीही होती. निष्कर्ष असा, की पाण्यातल्या कर्बापैकी अर्ध्यापासून पाऊण हिस्सा तीनशे वर्षांहून लहान वयाचा निघाला. नवी डबकीही खोलवरचा पुराणा कर्ब उपसताना दिसली नाहीत. बाजूलाच सहस्रावधी वर्षांचे पीट असून तळी बहुतांशी व्याजावरच गुजराण करीत आहेत.

माझ्या मते बांध घालण्याच्या बाजूने हा मोठा पुरावा आहे. जगातील सुकवलेल्या पीटजमिनींतून जो वायू निघतो तो माणसाच्या एकूण उत्सर्जनाच्या सुमारे चार टक्के भरतो. त्यापुढे नव्या डबक्यांतला मिथेन सोसण्याजोगा आहे.

एक अपवाद मात्र त्या अभ्यासात नोंदलेला आहे, तो बुडबुड्यांचा. बुडबुड्यांतून येणाऱ्या मिथेनमध्ये हजारो वर्षांपूर्वीचा कर्बही सापडला. हा खर्च मोजणे अवघड, कारण बुडबुड्यांना वेळापत्रक नसते. आठवडाभर पाणी निवांत असते आणि एखाद्या दिवशी हवेचा दाब उतरला की चिखलात कोंडलेला वायू एकदम वर येतो. संशोधक त्या दिवशी काठावर असेलच असे नाही. म्हणून नरसाळी महिनोन्महिने पाण्यातच ठेवावी लागतात.